बारावीला इंग्रजीत ८८, तरी परत निबंधाचा तास

परवा आतेभावाचा मेसेज आला. ऑगस्टमध्ये तो इकडं अमेरिकेत येतोय, कॉम्प्युटर सायन्सला. "ताई, ते फर्स्ट इयर रायटिंग म्हणून काहीतरी कम्पल्सरी दिसतंय, ते वेव्ह कसं करून घ्यायचं? मी कोडिंग शिकायला चाललोय, निबंध कशाला लिहू?" मी व्हॉइस नोट रेकॉर्ड करायला घेतली, ती सहा मिनिटांची झाली, मग डिलीट केली आणि म्हणलं त्यापेक्षा इथंच लिहिते, तसंही दर जुलैमध्ये कुणी ना कुणी हेच विचारतं.

तर हा प्रश्न २०२२ च्या जुलैमध्ये मीच विचारला होता. मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला ॲडमिशन, व्हिसा झालेला, कोल्हापुरात धो धो पाऊस, आणि मी पोर्टलवर सबजेक्ट बघत बसलेली. मॅथ्स, केमिस्ट्री, इंजिनिअरिंग ग्राफिक्स, आणि मधेच हे रायटिंग, ३ क्रेडिट. मी ॲडव्हायजरला एकदम फॉर्मल ईमेल टाकला, की मला बारावीला इंग्रजीत ८८ आहेत, टोफेलला (परदेशी मुलांची इंग्रजीची परीक्षा) १०४ आहेत, तरी कृपया मला यातून सूट मिळावी. दोन ओळींचं उत्तर आलं. टोफेल म्हणजे तुला वर्गात बसून समजेल एवढंच सिद्ध होतं, आणि ही अट परदेशी मुलांसाठी नाहीये, सगळ्यांसाठी आहे. सूट कुणाला, तर ज्यांनी शाळेत एपी इंग्लिश (तिकडची शाळेतच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) दिलंय आणि चांगला स्कोअर आलाय, आयबी बोर्ड केलंय, किंवा हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स केलाय त्यांना. एचएससी बोर्डाचं त्या यादीत नाव नव्हतं. पप्पा म्हणाले, "तुला तिकडं मशीन शिकायला पाठवालोय का निबंध?" त्यांची शिरोलीला फाउंड्री आहे, त्यांच्या दृष्टीनं लिहिणं म्हणजे चलन आणि बिल.

मला तेव्हा वाटायचं हे सगळं आपल्यासारख्यांना इंग्रजी नीट येत नाही म्हणून काढलंय. उलट आहे. हे त्यांच्याच पोरांसाठी निघालं. हार्वर्डनं १८७४ ला प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखन घातलं तर निम्म्याहून जास्त पोरं आपटली, आणि ती कोण, तर चांगल्या घरची, महागड्या शाळांतली, इंग्रजीतच जन्मलेली. मग १८८५ ला 'इंग्लिश ए' नावाचा कोर्स सुरू झाला. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीनं १८९८ ला 'सबजेक्ट ए' आणला, त्याचंच रूप अजून वेगळ्या नावानं चालू आहे. म्हणजे गेली सव्वाशे-दीडशे वर्षं अमेरिकेतले प्राध्यापक "आजकालच्या पोरांना लिहायलाच येत नाही" म्हणतायत आणि पोरं "हे कशाला" म्हणतायत. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं होतं खरं.

वर्गात आम्ही १९ जण. इतर लेक्चरला ३०० पोरं आणि इथं १९, कारण प्रत्येकाचं लिहिलेलं वाचायचं असतं ना. कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांची इथली जी मोठी संघटना आहे ती म्हणते वर्गात २० च्या वर नकोत, १५ असतील तर उत्तम. शिकवायला प्रोफेसर नाही, पीएचडी करणारी एक मुलगी, जेमतेम माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी म्हणाली मला नावानं हाक मारा. आता आपल्याकडं बालवाडीपासून मॅडम आणि सर, मला तिचं नाव तोंडातनं निघेचना, मी पूर्ण सेमिस्टर "एक्स्क्यूज मी" वर काढलं. परीक्षा नाही. पंधरा आठवड्यांत चार पेपर, प्रत्येकाचे दोन-तीन ड्राफ्ट, आणि शेवटी सगळं बांधून पोर्टफोलिओ. मी मनात म्हणलं, परीक्षाच नाही तर काय विशेष नाही, आरामात ए येतोय.

पहिल्या पेपरला मी काय केलं ते सांगते, कारण तू पण तेच करणार आहेस.

आपल्या दहावीच्या निबंधाची एक रेसिपी असते. सुरुवातीला सुविचार किंवा कवितेच्या दोन ओळी. मग "आजच्या विज्ञानयुगात". मग तीन परिच्छेद, प्रत्येकात जमेल तेवढ्या म्हणी. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त असेल तर पुस्तक शेवटी रडतं, नदीचं असेल तर नदी प्रदूषणावर बोलते, सूर्य उगवला नाही तर शेवटी आपल्याला जाग येते आणि आई चहा घेऊन उभी असते. मी यात लई भारी होते, माझा निबंध बाईंनी शेजारच्या तुकडीत वाचून दाखवला होता. तर मी तीच रेसिपी इंग्रजीत केली. विषय होता शिक्षणाचा एखादा अनुभव. मी सुरुवात केली, "एका कवीने म्हटलेच आहे की ज्ञान हा अथांग सागर आहे."

परत आलेल्या कागदावर समासात पहिलाच प्रश्न. कोणत्या कवीने?

मी हसले आधी. मग लक्षात आलं की मला खरंच माहीत नाही. दहा वर्षं मी "एका कवीने म्हटलेच आहे" लिहीत आले आणि एकाही बाईंनी विचारलं नाही की बाई तो कवी कोण, कुठला, कधी म्हणाला. खाली अजून एक प्रश्न होता, "शिक्षण महत्त्वाचं आहे" या वाक्यापाशी. याला विरोध कोण करेल? आणि शेवटी, जिथं मी "म्हणूनच आपण सर्वांनी ज्ञानाचा दिवा तेवत ठेवूया" असं काहीतरी लिहिलं होतं तिथं दोनच शब्द. सो व्हॉट?

हे 'सो व्हॉट' मला लागलं. दोन दिवस लागलं. उद्धट वाटलं, कुणी असं तोंडावर विचारतं का? आणि मग रविवारी घरी फोन केला, आज्जीला माझ्या रूमबद्दल, मेसबद्दल, बर्फ कधी पडणार याबद्दल बराच वेळ सांगत होते आणि ती मधेच म्हणाली, "बरं मग? त्येचं मी काय करू?" आज्जी हे सगळ्यांनाच म्हणते. शेजारचे काका अर्धा तास राजकारणावर बोलले की म्हणते, पुजारी काही सांगायला लागले की म्हणते. तर ते सो व्हॉट म्हणजे आज्जीचं "बरं मग" आहे. निबंधाला असं "बरं मग" विचारणारं माणूस मला कधी भेटलंच नव्हतं, बाई मार्क द्यायला वाचायच्या आणि मी मार्क घ्यायला लिहायची, ऐकणारं मधे कुणी नव्हतंच.

तिसऱ्या आणि चौथ्या पेपरला विषय आपला आपण निवडायचा. तिसरा म्हणजे ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी, आठ सोर्स शोधायचे आणि प्रत्येकाखाली लिहायचं की हा काय म्हणतोय, किती भरवशाचा आहे आणि मला कशासाठी पाहिजे. चौथा त्याच्यावरचा रिसर्च पेपर, दहा पानं. वर्गातले बाकीचे सोशल मीडिया, कॉलेज फुटबॉलच्या पोरांना पैसे द्यावेत का, असं घेत होते. मी कोल्हापुरी चप्पल घेतलं. खरं सांगू का, सोपं पडेल म्हणून घेतलं. माझं थीसिस स्टेटमेंट, म्हणजे पूर्ण पेपरचा दावा एका वाक्यात, असं होतं की कोल्हापुरी चप्पल ही कोल्हापूरची शान आहे आणि तिचं जतन झालं पाहिजे. कॉन्फरन्सला गेले (कॉन्फरन्स म्हणजे त्या आठवड्यात तास रद्द आणि प्रत्येकानं वीस मिनिटं एकेकटं जाऊन बसायचं, घाम फुटतो), आमची पीएचडीवाली म्हणाली छान, पण हा दावा नाही, ही कौतुकाची पाटी आहे. तुझ्याशी भांडेल असं वाक्य आण.

मग मी लायब्ररीत बसले. आणि भांडण सापडलं. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय टॅग (म्हणजे त्या नावावर ठरावीक भागाचाच कायदेशीर हक्क) मिळाला हे मला ढोबळ माहीत होतं. पण तो एकट्या कोल्हापूरला नाहीच मिळालेला. आठ जिल्हे आहेत त्यात. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर, आपलं लिडकॉम आणि त्यांचं लिडकर. मी अशी पेटले, कोल्हापूरची पोरगी, सीमाभाग, बेळगाव, हे सगळं डोक्यात, रात्री दोन वाजता टाईप करत बसले की नाव आमचं आणि टॅग त्यांना कसा काय. पहिला ड्राफ्ट म्हणजे नुसतं भाषण होतं, बिंदू चौकात उभं राहून द्यावं तसं.

पीअर रिव्ह्यूला माझा कागद एका आयोवाच्या शेतकऱ्याच्या पोराकडं गेला. पीअर रिव्ह्यू म्हणजे एकमेकांचं वाचून लेखी शेरे द्यायचे, आणि "छान लिहिलंयस" चालत नाही, त्याला मार्क कापतात. हा गडी कधी भारतात आला नाही, त्याला तालुका म्हणजे काय तेही माहीत नाही, आणि त्यानं एकच लिहिलं होतं. चपला बनवतं कोण आणि विकतं कोण हे तू सांगितलंच नाहीस, आमच्याकडं मका एकजण पिकवतो आणि पाकिटावर नाव दुसऱ्याचं असतं.

आता हे मला माहीत पाहिजे होतं ना. मी त्या गावची. पप्पांना म्हणलं चप्पल लाईनमधल्या (कोल्हापुरातला चपलांचा बाजार) कुणाचा तरी नंबर द्या. त्यांनी एका ओळखीच्या दुकानदाराचा दिला, मी रात्री जागून कोल्हापूरच्या सकाळी फोन लावला. पहिली दहा मिनिटं त्याला वाटत होतं मी ऑर्डर द्यायला फोन केलाय. "कापशी पायजे का साधी? साईज सांगा ताई." नाही हो, मला पेपर लिहायचाय. "आं, पेपर? लिवा की मग." आणि मग तो बोलायला लागला ते पाऊण तास. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायला किती दिवस जातात, वेणी कोण घालतं (बायका, घरी बसून), तळ कोण कापतं. शाहू महाराजांनी या धंद्याला कसा हात दिला ते. आणि मी विचारलं, तुमच्या दुकानात माल कुठला? तर म्हणाला, "काय इथला, काय अथणीचा, निपाणीचा. त्येंचं हात, आमचं दुकान. नाव बाजाराचं पडतंय ताई, हाताचं न्हाई पडत."

अथणी, निपाणी म्हणजे कर्नाटकातला बेळगाव जिल्हा. बास. हे माझं थीसिस होतं आणि मला ते चप्पल लाईनमधनं फोनवर मिळालं. पूर्ण पेपर फिरवला. आधी मी म्हणत होते नाव आमचं म्हणून टॅग आमचा, आता म्हणायला लागले की नाव जिथं विकलं जातं तिथलं पडतं, म्हणून नुसत्या नावावरून हक्क ठरवला तर बनवणारा बाहेर राहतो, आणि आठ जिल्ह्यांचा टॅग दिसायला विचित्र असला तरी बरोबर आहे. घरी सांगितलं तर काका म्हणाले, "कर्नाटकाची बाजू घ्यालीस व्हय?" जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि आपल्याकडं गदारोळ झाला, तेव्हा त्या आयोवाच्या पोराचा मला मेसेज आला, "तुझा पेपर बातम्यांत आहे". अडीच वर्षांनी!

एक वाईट गोष्ट पण सांगायला पाहिजे. ॲनोटेटेड बिब्लिओग्राफीच्या वेळी मला बोलावणं आलं. कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं माझ्या कागदावर ३४ टक्के दाखवले होते. मी कॉपी केली नव्हती, म्हणजे मला तसं वाटत होतं, मी लेखातलं वाक्य घेऊन त्यातले शब्द बदलले होते, इम्पॉर्टंटच्या जागी सिग्निफिकंट, वाक्य थोडं उलटं. आपण हेच करतो ना, गाईडमधलं उत्तर "स्वतःच्या शब्दात". तिथं त्याला पॅचरायटिंग असा शब्दच आहे, ठिगळं लावून लिहिणं. मी रडले आमच्या पीएचडीवालीसमोर. तिनं केस वर पाठवली नाही, पण म्हणाली लेख बंद कर, आणि मला न बघता सांग तो काय म्हणतोय. मला सांगताच येईना. म्हणजे मी तो वाचलाच नव्हता, फक्त शब्द बदलले होते. दुसऱ्या एका सेक्शनमधल्या मुलाची अशीच केस वर गेली आणि त्याला कोर्समध्ये नापास केलं, ते बरोबर होतं का मला अजून माहीत नाही. ज्याला बारा वर्षं गाईड दिलं त्याला पहिल्याच महिन्यात चोर म्हणायचं, हे मला पटत नाही. पण तू हे वाचलंयस आता, त्यामुळं तुला सबब नाही.

आणि एक वाचायला दिलेलं होतं ते डोक्यात राहिलंय. १९६६ चा रॉबर्ट कॅप्लन यांचा लेख, त्यात वेगवेगळ्या भाषांच्या लोकांचे विचार कसे चालतात त्याची रेघोट्यांची चित्रं आहेत. इंग्रजीवाले सरळ रेष, आणि पौर्वात्य म्हणजे गोल गोल फिरत आत जाणारी चकली. त्यावर नंतर लई टीका झाली आणि व्हायलाच पाहिजे होती. भारताचं वेगळं चित्र नव्हतंच त्यात, मी वर्गात म्हणलं आम्ही कुठल्या खान्यात बसायचं, सगळे हसले. पण घरी येऊन विचार केला तर आज्जी गोष्ट सांगते ती चकलीच असते, मामाच्या लग्नापासून सुरू होऊन विहिरीला वळसा घालून येते, पण मुद्द्यावर येते बरोबर. आणि माझा दहावीचा निबंध सरळ रेषही नव्हता आणि चकलीही नव्हता, तो नुसता तळलेला होता.

याच्याच जोडीला १९७४ चा त्या लेखन-शिक्षक संघटनेचा एक ठराव वाचला, विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या भाषेचा, बोलीचा हक्क आहे असा. १९७४! आणि मला आठवीत बाईंनी उभं केलं होतं कारण मी म्हणलं "बाई, मी पाणी पिऊन आलो." आलो नाही, आले म्हण, तू मुलगी आहेस. आता कोल्हापुरात आम्ही पोरी आलो-गेलोच म्हणतो, माझी आई म्हणते, आज्जी म्हणते, कुणाला त्यात मुलगा दिसत नाही. तेव्हापासून मी लिहिताना आले-गेले करते, इथंही तेच करतेय बघ, सवय जात नाही. चौथ्या पेपरात मी मुद्दाम आज्जीचा 'पायताण' शब्द तसाच ठेवला, एकदा अर्थ सांगितला आणि पुढं पाच-सहा वेळा वापरला. आमच्या पीएचडीवालीनं त्याला चूक म्हणून गोल केला नाही.

आता कामाचं पटकन. पहिल्याच सेमिस्टरला घे, पुढं ढकलू नकोस, माझ्या ओळखीतला एकजण शेवटच्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरांत बसून हा कोर्स करत होता. सकाळी आठचं सेक्शन घेऊ नको. रायटिंग सेंटर फुकट आहे, जा, पण ते तुझं ग्रामर दुरुस्त करून देत नाहीत, ते उलट प्रश्न विचारतात, चिडू नको. एमएलए फॉरमॅट (सोर्सचा उल्लेख कसा करायचा त्याची पद्धत) पाठ करायचा नसतो, बघून करायचा असतो. हजेरीचे नियम वाच, माझ्या वर्गात चार दांड्यांच्या पुढं ग्रेड खाली यायचा.

आणि तू विचारणारच आहेस म्हणून, चॅटजीपीटी. ते आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, आमचा शेवटचा ड्राफ्ट चालू असताना. त्या आठवड्यात हॉस्टेलवर दुसरा विषय नव्हता. मी पण त्याला कोल्हापुरी चपलेवर लिहायला सांगितलं. त्यानं अगदी माझ्या दहावीसारखं लिहिलं. समृद्ध वारसा, कारागिरांचं कौशल्य, जतन झालं पाहिजे. बाईंनी शेजारच्या तुकडीत वाचून दाखवलं असतं. आता ते बरंच सुधारलंय, पण चप्पल लाईनला फोन तुलाच लावायला लागेल.

मला पेपरला ए मायनस आला, कोर्सला बी प्लस (ते ३४ टक्के). डिसेंबरात पोर्टलवर त्या अटीपुढं हिरवी टिक आली, फुलफिल्ड. मी स्क्रीनशॉट काढून पप्पांना पाठवला, त्यांनी थम्ब्स अप दिला आणि विचारलं थर्मोडायनॅमिक्स कधी आहे.

पुढच्या मेमध्ये घरी गेले तेव्हा चप्पल लाईनला गेले, म्हणलं माणसाला भेटून तरी यावं, आज्जीला जोडपण घ्यावा. नाव सांगितल्यावर ओळखलं त्यांनी. चहा मागवला. मग जरा वेळानं म्हणाले, "ताई, मी सहा म्हैनं पेपर बघालोय रोज. कुठल्या पेपरात आलं ते? पुढारीत न्हाई, सकाळात बी न्हाई."

मला काय बोलावं कळेना. म्हणलं काका, तो पेपर म्हणजे कॉलेजचा हो, मॅडमना द्यायचा.

"म्हंजे परीक्षेचा व्हय." जोड कागदात गुंडाळता गुंडाळता थांबले. "मग झाला का पास?"

म्हणलं, झालो की.